सिंहगड पहिल्यांदा चढताना: शरीरात काय चालतं आणि त्याप्रमाणे कसं चढावं

पायथ्याच्या आतकरवाडी गावाच्या वाटेने सिंहगड चढायला निघालेल्या नवख्यांपैकी बरेच जण पहिल्या पंधरा मिनिटांतच हाय खातात. छाती धडधडते, घशाला कोरड पडते, मांड्या पेटतात आणि शेजारून सत्तरीचे आजोबा गप्पा मारत पुढे निघून जातात. मग ‘आपला स्टॅमिनाच नाही’ असं म्हणत मंडळी पहिल्या सरबतवाल्यापाशी बसतात आणि उरलेला रविवार गडाला नावं ठेवण्यात जातो.

खरं तर त्या पंधरा मिनिटांत स्टॅमिन्यापेक्षा घाई नडलेली असते. चढताना तीन संस्था एकत्र राबतात. मज्जासंस्था हुकूम सोडते, स्नायू काम करतात, आणि हृदय व रक्तवाहिन्या त्यांना ऑक्सिजन आणि इंधन पोचवतात. या तिघांचा वेग सारखा नाही. हुकूम सेकंदाच्या अंशात पोचतो, स्नायू तत्क्षणी कामाला लागतात, पुरवठा मात्र लयीत यायला दोन-तीन मिनिटं घेतो. चढ उभा असेल तर त्याहूनही जास्त. तेवढ्या वेळात जो तावातावाने चढतो तो उधारीवर चढतो. उतरताना सगळं उलटं होतं: हृदय निवांत असतं आणि मार स्नायू खातात. खालच्या सगळ्या सूचना या दोन गोष्टींवरूनच निघतात.

आदल्या दिवशी

आतकरवाडीपासून गडापर्यंतची पायवाट अडीच-तीन किलोमीटरची आहे, पण तेवढ्यात सुमारे ६०० मीटर उंची चढायची असते. सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही इथे धाप लागते ती यामुळे. हिशेब करून बघा. पिशवीसकट तुमचं वजन ७० किलो धरलं, तर ते ६०० मीटर वर न्यायला जवळपास १०० किलोकॅलरींचं निव्वळ काम पडतं. स्नायू मात्र खर्चलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. सकाळच्या गारव्यातही अंगातून पाणी निथळतं ते म्हणून. तेव्हा नुसत्या उंचीपोटी खर्च झाला ४०० किलोकॅलरी. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे हे ८० लिटर ऑक्सिजनचं काम.

हे ८० लिटर किती वेळात वापरायचे ते तुमच्या हातात आहे. दीड तासात चढलात तर मिनिटाला जेमतेम एक लिटर. पाऊण तासात चढायचं म्हटलं तर मिनिटाला पावणेदोन लिटर. बसल्या जागी लागतो तो पाव लिटर दोन्हीकडे वेगळा. आता व्यायामाची सवय नसलेल्या, चाळिशीतल्या, एवढ्याच वजनाच्या पुरुषाचं शरीर जीव तोडून राबलं तरी मिनिटाला अडीच लिटरच्या आसपासच ऑक्सिजन वापरू शकतं. दीड तासाचा चढ त्याच्या निम्म्या कुवतीत होतो, पाऊण तासाचा ऐंशी टक्के कुवत मागतो. पहिल्या खेपेला दीड तास धरा. दोन लागले तरी गड कुठे पळून जात नाही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही असेल, जिना चढताना छातीत दाटून येत असेल, किंवा चाळिशी उलटली आहे आणि अनेक वर्षांत धड चालणंही झालेलं नाही असं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन औषधांबद्दल मुद्दाम सांगतो. मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधं नाडी फार वाढू देत नाहीत. ती चालू असतील तर पुढे दिलेले नाडीचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. दुसरं इन्सुलिन, आणि मधुमेहाच्या काही गोळ्या. राबणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो, आणि व्यायाम संपल्यावरही काही तास हे चालू राहतं. त्यामुळे साखर अचानक खाली येऊ शकते. डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. औषध परस्पर बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

गाडीतून उतरल्यावर

चढायला सुरुवात व्हायच्या आधीच हृदयाला त्याची खबर लागलेली असते. पायथ्याशी उभं राहून वर नुसती नजर टाकली तरी काहींची नाडी वाढते. मेंदूचा जो भाग पायांना हुकूम सोडतो, तो त्याच वेळी मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेतल्या हृदय आणि श्वासाच्या केंद्रांनाही वर्दी देतो. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये हे मांडलं. काम सुरू होताच नाडी आणि श्वास इतक्या झटकन वाढतात, की स्नायूंतून रक्तावाटे काही निरोप वर जाईल आणि मग वाढ होईल एवढा अवधीच मिळत नाही. तेव्हा निरोप मेंदूतूनच सुटत असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

हृदयात स्वतःचा ठोका पाडणारी एक गाठ असते. तिला मोकळं सोडलं तर ती मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके पाडते. बसलेल्या माणसाची नाडी सत्तर असते, कारण व्हेगस नावाची नस तिला सतत आवरून धरते. चालायला लागताच पहिल्या एक-दोन ठोक्यांतच ही पकड ढिली होते. साधारण शंभरच्या पुढचा टप्पा मुख्यतः सिंपथेटिक नसा (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या) आणि अॅड्रेनलिन यांच्या जोरावर गाठला जातो, आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून गाडी लावल्या लावल्या वाटेला लागू नका. आठ-दहा मिनिटं गावातल्या सपाट रस्त्यावर चाला. शेवटची दोन मिनिटं जरा झपझप. घोटे गोल फिरवा, गाडीला धरून दहा-बारा अर्ध्या बैठका काढा, पाय पुढे-मागे झुलवा. स्नायू गरम झाले की त्यांच्यातल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन गरम स्नायूत ऑक्सिजन अधिक सहज सोडतं. एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरण्याचे प्रकार मात्र इथे नकोत. ते उतरून आल्यावर करा.

पहिली पावलं

पाय उचलायचं ठरलं की मेंदूच्या वरच्या पदरातून संदेश निघतो, मज्जारज्जूतून कमरेपर्यंत उतरतो आणि तिथल्या चेतापेशीवरून मांडीत, पोटरीत पोचतो. सर्वांत जाड चेतातंतूंतून हा संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतो. मेंदूपासून पायापर्यंतचा सगळा प्रवास सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास उरकतो. नस जिथे स्नायूला भिडते तिथे अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूच्या तंतूत विद्युतलहर पसरते आणि आतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर पडतं. कॅल्शियम आलं की मायोसिन नावाच्या प्रथिनाची बारीक डोकी शेजारच्या अॅक्टिनच्या धाग्याला पकडून ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात; रस्सीखेचीत एकामागून एक हात दोरावर सरकतात तसं. धागे स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. हा शोध १९५४ मध्ये नेचर नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी मांडला, आणि योगायोग असा की दोन्ही जोड्यांत एकेक हक्स्ले होते: एकीत अँड्र्यू, दुसरीत ह्यू. दोघांचं नातं काही नव्हतं.

चढणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट पुढे आहे. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायुतंतू मिळून एक तुकडी होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूच्या तुकडीत दहाच्या आसपास तंतू असतात, पायाच्या मोठ्या स्नायूत हजाराच्या घरात. संदेश आला की तुकडीतले सगळे तंतू आखडतात, अर्धेमुर्धे नाही. त्यामुळे जोर कमी-जास्त करायचा तर मज्जासंस्थेकडे दोनच मार्ग उरतात: संदेश अधिक वेगाने पाठवायचे, किंवा जास्त तुकड्या बोलवायच्या. तुकड्या बोलवण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी लहान आणि चिवट, तेलपाणी कमी लागणाऱ्या आणि तासन्‌तास राबणाऱ्या. काम भागेना की मोठ्या, जोरकस आणि लवकर दमणाऱ्या. एलवुड हेनेमन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर हा नियम दाखवून दिला.

आता वाटेवर या. समोर गुडघाभर उंचीचा दगड आहे. तरुण मंडळी त्यावर एकदम पाय टाकून उसळी घेतात. त्या एका पावलाला सबंध शरीर एका मांडीवर, गुडघा पूर्ण दुमडलेला असताना उचलावं लागतं. लहान तुकड्यांचं ते काम नाही, मोठ्या तुकड्या धावून येतात. त्याच दगडाच्या कडेने वीतभर उंचीच्या दोन-तीन पायऱ्या बहुधा सापडतात. तिथून गेलात तर उंची तेवढीच चढता, पण चिवट तुकड्यांच्या बळावर. हे मी वाटेवर सर्वांना सांगत असतो आणि फार थोडे ऐकतात. सत्तरीच्या आजोबांचे पाय बघा एकदा. ते कधीच मोठं पाऊल टाकत नाहीत.

आणि मोठ्या दगडावर चढावंच लागलं तर श्वास कोंडू नका. जोर लावताना श्वास रोखला की छातीतला दाब वाढतो आणि त्या क्षणी रक्तदाबही उसळतो. अंग वर उचलताना श्वास सोडायचा.

पहिली पाच मिनिटं

मायोसिनची डोकी चालतात एटीपीवर, म्हणजे पेशीच्या तयार इंधनावर. स्नायूत तयार एटीपीचा साठा फक्त काही सेकंदांचा असतो. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा जोरदार कामाला दहाएक सेकंद पुरतो. मग साखर ऑक्सिजनशिवाय फोडायची सोय आहे. ती झटपट चालते, पण एटीपी थोडं देते आणि लॅक्टेट व आम्लता वाढवते. चौथी सोय म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांत, ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी जाळणं. तासभराच्या चढाचा खरा भार हीच सोय वाहते, पण तिला ऑक्सिजन हवा, आणि तो आणून देणारी यंत्रणा अजून वेग घेत असते.

या मधल्या मिनिटांतली तूट आधीच्या तीन साठ्यांतून भरली जाते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी, ज्यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं, याला ऑक्सिजनचं कर्ज म्हटलं होतं. थांबल्यावरही काही मिनिटं आपण धापा टाकतो त्यामागे या फेडीचा वाटा असतो. जितक्या तडफेने सुरुवात कराल तितकी तूट मोठी.

तेव्हा नियम सोपा ठेवा: पहिली पाच मिनिटं मुद्दाम रेंगाळत चाला. सोबतचे पुढे गेले तर जाऊ द्या. आरंभशूर मंडळी पहिल्या वळणावर दगडावर बसलेली भेटतातच.

एक गैरसमज इथेच निकालात काढू. लॅक्टेट हा कचरा नाही. वेगवान तंतूंत तयार झालेलं लॅक्टेट चिवट तंतू आणि खुद्द हृदय इंधन म्हणून वापरतात. मांडी पेटते तेव्हा आम्लता आणि स्नायूत साचलेली इतर काही रसायनं मिळून तिथल्या नसांना छेडत असतात, आणि वेग थोडा कमी केला की ती जळजळ दोन-चार मिनिटांत उतरते.

उभा चढ

निम्म्या वाटेवर पोचेपर्यंत रक्ताभिसरणाचा कारभार पुरता बदललेला असतो. निवांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. साधी तब्येत असलेला माणूस पूर्ण जोर लावून हे २० लिटरपर्यंत नेऊ शकतो. कसलेल्या धावपटूंचं ३५ लिटरच्याही पुढे जातं. ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोक्यागणिक निघणारं रक्तही वाढतं, बसल्या जागी ७० मिलिलिटर असेल तर शंभर किंवा त्याहून जास्त. पण ठोक्यामागचं रक्त मध्यम श्रमापर्यंतच वाढतं, मग नवख्यांत बहुधा तिथेच थांबतं. पुढचा सगळा भार नाडीच्या वेगावर पडतो. म्हणून तर चढ किंचित तीव्र झाला तरी नाडी एकदम उड्या मारते.

रक्त जातं कुठे हे याहून महत्त्वाचं. आराम करताना स्नायूंच्या वाट्याला एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा येतो. जीव तोडून व्यायाम करताना हा वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो. सिंपथेटिक नसा सगळीकडच्याच रक्तवाहिन्या आवळायला लागतात. आतडी आणि मूत्रपिंडं यांचा पुरवठा आटतो. राबणाऱ्या स्नायूत मात्र नायट्रिक ऑक्साइड, अॅडिनोसिन, पोटॅशियम अशी रसायनं तयार होतात आणि ती तिथल्या वाहिन्या उघडून धरतात, वरचा हुकूम न जुमानता. जिथे काम तिथे रक्त. मेंदूचा पुरवठा मात्र कमी होऊ दिला जात नाही.

स्नायूही गप्प बसत नाहीत. त्यांच्यातल्या बारीक नसा ताण आणि रसायनं जोखून वर निरोप पाठवत राहतात आणि मेंदू त्याप्रमाणे रक्तदाब वाढवतो. चढताना वरचा रक्तदाब १२० वरून १६०, १८० पर्यंत गेला तर निरोगी माणसात ते अपेक्षितच आहे; खालचा आकडा फारसा हलत नाही.

वेग बरोबर आहे का हे ओळखायचं कसं? बोलून. घरचा पत्ता पिनकोडसकट एका दमात सांगता आला तर ठीक चाललंय. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवायला हरकत नाही. मनगटावरच्या घड्याळापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे, कारण हात दगडाला धरताना, काठी आवळताना ती घड्याळं चुकतात. आकडाच हवा असेल तर थांबून अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. कमाल नाडीची दोन सूत्रं प्रचलित आहेत: २२० वजा वय, आणि २०८ वजा वयाचा ०.७ पट. चाळिशीत दोन्ही १८० देतात; साठीत पहिलं १६० देतं आणि दुसरं १६६. प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, तेव्हा सूत्राला चिकटून बसू नका. पहिल्या चढाईला कमाल नाडीच्या ६० ते ७५ टक्क्यांत राहिलात तर पुरे.

‘वर हवा विरळ होते म्हणून धाप लागते’ असं कुणीतरी हमखास सांगतं. गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या थोडा वर आहे. निरोगी माणसाला एवढ्या उंचीवर हवेचा फरक फारसा जाणवत नाही. धाप चढाची असते.

घामाचं मात्र मनावर घ्या. तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, उन्हात जास्तच. रक्तातलं पाणी कमी झालं की प्रत्येक ठोक्यामागचं रक्त घटतं आणि तीच चाल ठेवूनही नाडी हळूहळू चढत राहते. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी प्या, आणि वाटेत लिंबू सरबत मिळालं तर मीठ घातलेलं घ्या.

आणि हे न वगळता वाचा. छातीत दाब किंवा जडपणा, तो जबड्याकडे, खांद्याकडे, डाव्या हाताकडे सरकणं, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, थांबूनही पाच-सात मिनिटांत न उतरणारी धाप, कारण नसताना मळमळ आणि विलक्षण थकवा (बायकांमध्ये कधीकधी एवढंच दिसतं): यातलं काही झालं तर चढाई तिथेच संपली. बसा, सोबत्याला सांगा, १०८ ला फोन करा. ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून पुढे रेटू नका.

दम खाताना

दमलेला माणूस धपकन दगडावर बसतो आणि दोन मिनिटांनी उठताना त्याला गरगरतं. पायांतलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर नेण्याचं निम्मं काम पोटऱ्या करतात. प्रत्येक पावलाला पोटरी आखडते, शिरा दाबल्या जातात आणि आतल्या झडपांमुळे रक्त वरच सरकतं. तुम्ही एकदम थांबलात की हे बंद पडतं, पण पायांतल्या वाहिन्या अजून सताड उघड्याच असतात. रक्त खाली साचतं, हृदयाकडे कमी परततं, मेंदूला कमी पडतं.

म्हणून थांबायचं तर आधी अर्धा मिनिट जागच्या जागी पाय हलवा, टाचा वर-खाली करा, मग बसा. थांबे लहान ठेवा: मिनिट, दीड मिनिट, उभ्यानेच, काठीवर रेलून. दहा मिनिटं ठिय्या मारलात तर नाडी खाली येते, स्नायू गार होतात, आणि पुन्हा पहिल्या पाच मिनिटांचा खेळ मांडावा लागतो.

वर पोचल्यावर

पुणे दरवाजातून आत शिरलात की पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही यांची हाक येते. नाही म्हणा असं सांगणारा मी कोण! फक्त वीसएक मिनिटं हिंडून नाडी शंभरच्या खाली येऊ द्या. आटलेला आतड्यांचा पुरवठा परत सुरू होईपर्यंत पोटात पडलेलं जेवण तसंच जड होऊन बसतं. जेवल्यावर उतरायला घाई करू नका, कारण आता आतड्यांनाही रक्त हवं असतं आणि पायांनाही. दही आधी, भजी बेताने.

उतार

उतरताना धाप लागत नाही, बोलता येतं, नाडीही निवांत. त्यामुळे लोकांना वाटतं अवघड भाग संपला, आणि ते उड्या मारत सुटतात. गुडघे दुखवून घेण्याची आणि पाय मुरगळण्याची खरी वेळ ही.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत अंग उचलतो. उतरताना तोच स्नायू भार धरून हळूहळू लांब होतो. म्हणजे धाग्यांना पकडलेली मायोसिनची डोकी ओढत नसतात, तर भाराखाली ओढून सोडवली जात असतात. असं काम ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडतं, कारण तेवढ्याच भाराला मज्जासंस्था कमी तुकड्या बोलावते. पण मग त्या थोड्या तुकड्यांतल्या एकेका तंतूवर जास्त ताण येतो आणि त्याच्या बांधणीला जागोजाग बारीक चिरा जातात. निम्मा गड उतरल्यावर पाय लटपटायला लागतात तो याचाच परिणाम.

यात मज्जासंस्थेचाही दोष असतो. स्नायूंत लांबी मोजणाऱ्या बारीक वेटोळ्या नसा असतात. पाय कुठे आहे, किती वाकलाय ही खबर त्या मेंदूला न बघता देतात. दमलेल्या स्नायूकडून ही खबर जरा अंधुक येते, घोटा सावरायला क्षणभर उशीर होतो, आणि मुरमावरून पाय सरकतो. पावसाळ्यात लाल चिखलावर तर विचारूच नका.

पावलं चढताना टाकलीत त्याहून लहान टाका. गुडघा कधीही ताठ ठेवून टेकू नका. किंचित वाकलेला ठेवला तर धक्का हाडांऐवजी स्नायू झेलतो. सरळ खाली न उतरता शक्य तिथे नागमोडी जा. एक काठी पुरते, दोन असतील तर गुडघ्यांवरचा भार चांगलाच हलका होतो. मांडी थरथरू लागली की ती सूचना समजा आणि दोन मिनिटं थांबा. बुटांच्या नाड्या वरच घट्ट बांधून घ्या, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत.

सोमवार आणि मंगळवार

रविवारी रात्री फार काही जाणवत नाही. सोमवारी जिना उतरताना तोंडातून ‘आई गं’ निघतं आणि मंगळवारी त्याहून जोरात. हे दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि आठवड्याच्या आत जातं. लॅक्टिक अॅसिड साचल्यामुळे दुखतं हे अजूनही जिमोजिमी सांगितलं जातं. लॅक्टेट तर उतरून चहा पिईपर्यंतच रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखतं ते उतारावर पडलेल्या चिरांची डागडुजी चालू असते म्हणून.

वीस मिनिटं सपाटीवर चाला, नेहमीचं जेवण घ्या, डाळ-अंडी-दूध यांत कंजुषी करू नका, झोप पुरी करा. मालिशने बरं वाटतं, पण दुखऱ्या स्नायूवर जोर काढू नका. लघवी चहाच्या रंगाची झाली आणि मांड्या सुजून टणक लागल्या तर मात्र घरी थांबू नका, दवाखाना गाठा. स्नायू फार मोडले की त्यातलं प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकतं.

एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला पुष्कळ कमी दुखतो. म्हणून दुसरी फेरी दोन-तीन आठवड्यांत उरकावी. तीन महिन्यांनी गेलात तर पुन्हा ‘आई गं’.

पुढचे दोन-तीन महिने

नेम धरून आठवड्यातून दोन-तीनदा टेकडी किंवा जिने चढलात तर बदल सगळीकडे एकाच वेळी दिसत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, ठोक्यामागचं रक्त वाढतं आणि तोच चढ थोड्या कमी नाडीवर होतो. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात पाय बळकट झाल्यासारखे वाटतात, पण स्नायू अजून तेवढाच असतो. मज्जासंस्था तुकड्या बोलवायला आणि नको त्या गप्प ठेवायला शिकलेली असते. महिना-दोन महिन्यांत मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि मग तंतूंभोवतीच्या केशवाहिन्याही दाट होतात. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजलेली नाडी उतरायला लागली की समजा हृदयाने दाद दिली. दर रविवारी एकाच ठिकाणी थांबून लगेच आणि मग एका मिनिटाने नाडी मोजत जा. त्या मिनिटात ती जितकी जास्त उतरेल तितकं चांगलं.

सर्वांत मंद असतात स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे. त्यांच्यात रक्त कमी फिरतं आणि त्यांना बळकट व्हायला अनेक महिने लागतात. दोन महिन्यांनी दम आणि मांड्या दोन्ही साथ द्यायला लागतात आणि माणूस पाठीवर दहा किलोची सॅक घालून गड चढायच्या गोष्टी करतो, नेमकी तेव्हाच गुडघ्याखालची आणि टाचेमागची दुखणी सुरू होतात. आधी वेळ कमी करा, मग फेऱ्या वाढवा, आणि वजन शेवटी, तेही दोन-दोन किलोंनी.